स्वयंपाकघरातली शेपटी

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, साताऱ्यात एके काळी असे एक घर होते, ज्याच्या माजघरात एका लोखंडी यंत्राचे डोके होते आणि स्वयंपाकघरात त्याच यंत्राची शेपटी होती. मधे भिंत होती. भिंतीला भोक होते. ही गोष्ट आजवर कुठल्याही गॅझेटात आलेली नाही. शासनाची ही चूक मी आज दुरुस्त करतो आहे. शक्य असेल त्यांनी उभे राहून वाचावे. गुडघे दुखणाऱ्यांना सूट आहे.

त्या घराच्या माडीवर मी भाडेकरू होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते आणि मला पाटबंधारे खात्यात कारकुनी लागली होती. घरमालक फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मूळचे म्हसवडचे. वीस-बावीस वर्षे त्यांनी फौजेच्या वर्कशॉपात ट्रकांची इंजिने उघडली आणि मिटली. गल्ली त्यांना हवालदार म्हणे, त्यांची बायको ‘आवं’ म्हणे, आणि ते मला ‘क्लार्कसाब’ म्हणत.

पहिल्या दिवशी ते माझी खोली बघायला आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेच नाही, माझ्या कॉटकडे पाहिले. मग शर्टाच्या खिशातून पाणसळ काढली. वीतभर पितळी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की वस्तू सपाट. गवंडी लोक भिंत बांधताना वापरतात ती. हवालदार ती कायम जवळ बाळगत, जशी काही माणसे तपकिरीची डबी बाळगतात.

“डोक्याकडनं एक सूत, म्हंजी इंचाचा आठवा हिस्सा, खाली हाय,” ते म्हणाले. “सपनं वंगाळ पडतील.”

त्यांनी माझ्याच बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पायाखाली घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून हाक आली.

“क्लार्कसाब! सपान कसलं पडलं?”

“पडलंच नाही.”

“बघा!” आणि ते इतक्या समाधानाने गेले, जणू माझी झोप त्यांनीच गाळून दिली होती.

‘माणूस खोटं बोलंल, बुडबुडा न्हाई’ हे त्यांचे आवडते वाक्य. पोस्टाच्या काउंटरवर, न्हाव्याच्या खुर्चीवर, एसटीच्या बाकावर, सगळीकडे ती पाणसळ पडे. न्हाव्याने तर त्यांची दाढी करायचे सोडले होते, कारण गाल अर्धा झाला की हे उठून खुर्ची सपाट करत.

माझ्या लग्नाची बोलणी सांगलीला निघाली तेव्हा वडीलधारे माणूस म्हणून मी त्यांना नेले. त्या वयात माणूस कसलीही जोखीम घेतो. मुलीच्या वडिलांनी पोह्यांच्या बशा टेबलावर ठेवल्या. हवालदारांनी आपली बशी उचलून माझ्या मांडीवर दिली, पाणसळ काढली आणि टेबलावर मांडली. मुलीच्या वडिलांना वाटले, थर्मामीटर असावा.

“दोन सूत,” हवालदार गंभीरपणे म्हणाले. “खिडकीकडं.”

मी पोह्यांत तोंड लपवायची जागा शोधत होतो. एवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, “मी कधीची सांगतेय बाबांना! चहा नेहमी त्याच बाजूला सांडतो.”

ती मुलगी आज माझी बायको आहे. परतीच्या एसटीत हवालदार एवढेच म्हणाले, “हातची घालवू नगा. नजर सरळ हाय तिची.”

आता यंत्र.

लेथ म्हणजे लोखंड कातायचे मशीन. लोखंडाची कांब दोन टोकांना धरायची, गरागरा फिरवायची आणि पोलादी हत्याराने तिची साल काढायची, काकडीची काढतो तशी. एक टोक यंत्राच्या डोक्यात आवळलेले असते, तेच तिला फिरवते. दुसऱ्या टोकाला एक लोखंडी ठोकळा असतो, त्याची टोकदार खुंटी कांबीला नुसता टेका देते. कारागीर त्या ठोकळ्याला टेलस्टॉक म्हणतात. हवालदारांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याला शेपटी म्हणत. गल्लीने वहिनींचे ऐकले.

हे लेथ हवालदारांना सांगलीजवळच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात सापडले. इंग्रजांच्या वेळचे होते. पावसात पडून त्याचा रंग गुळासारखा झाला होता आणि त्याच्या पोटात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. हवालदारांनी पिल्ले बाहेर पडेपर्यंत यंत्र हलवले नाही. दर रविवारी साताऱ्याहून सांगलीला जायचे, कोंबडीला बघायचे आणि परत यायचे. “पोस्टिंगवर हाय ती,” ते म्हणाले. “ड्यूटी संपल्याबिगर हलवायचं न्हाई.”

शेवटी यंत्र आले. दाराची चौकट काढून आत घेतले आणि माजघरात बसवले. मुळात ते छताच्या दांडीवरून येणाऱ्या पट्ट्यावर चालायचे. हवालदारांनी त्याला पिठाच्या गिरणीची जुनी मोटर जोडली. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा मोटरीतून मूठभर ज्वारीचे पीठ उडाले आणि हवालदारांच्या मिशा म्हाताऱ्या झाल्या. ती मोटर फिरू लागली की माझ्या माडीवरचा बल्ब पिवळा पडे आणि गल्लीतल्या सगळ्या रेडिओंचा घसा बसे.

मग सुरू झाली दुरुस्ती. ती तीन वर्षे चालली.

लेथचा पाया आरशासारखा सरळ हवा. हवालदार कपड्यांची नीळ तेलात कालवून एका सपाट लोखंडी फळीला लावत, ती पायावर घासत, आणि जिथे निळा डाग उठेल तिथे उंचवटा आहे असे समजून तो हाताने खरवडत. केसाएवढा. मग पुन्हा नीळ, पुन्हा फळी, पुन्हा डाग. घरात सगळीकडे त्यांचे निळे अंगठे उमटले होते. पेपरवर, कपाच्या कानावर, कॅलेंडरवरच्या गणपतीच्या पोटावर. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायका निळे कुंकू लावून घरी गेल्या.

आणि या तीन वर्षांत यंत्राने कातले काय? काहीही नाही. शेंगदाण्याएवढेसुद्धा नाही. कुणी विचारले की हवालदार डोळा बारीक करून पायाकडे बघत आणि म्हणत, “अजून सरळ न्हाई.”

“आवं,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, “तीन वरसं झाली. एवढ्या दिसात माझ्या बापानं दोन हिरी पाडल्या. एक लाटणं तरी निघालं का ह्यातनं?”

“लाटणं लाकडाचं असतंय. भुसा तेलात बसला की मशीन बिघडतंय.”

“आन् माझं डोस्कं बिघडलंय, त्ये कोण कातणार?”

रोज सकाळी, चहाच्याही आधी, हवालदार यंत्राच्या सतरा भोकांत तेल घालत. भोके मी मोजलेली आहेत. तेलाच्या डबीचा ‘टुक टुक’ आवाज आला की वहिनी मोठ्याने देवाला सांगत, “रोज तुलाबी तेल मिळत न्हाई रं बाबा, पर ह्याला मिळतंय.”

पाहुणा आला की त्याचा पाट यंत्राशेजारी मांडावा लागे. एका व्याह्याच्या धोतराचा सोगा दात्यात गेला. मशीन बंद होते म्हणून अब्रू वाचली.

पण वहिनींचा संयम सुटला तो पाणसळीमुळे. नवरात्रात त्यांनी स्वयंपाकघरातल्या देवांपुढे घट बसवला. घट एकदा बसला की नऊ दिवस जागचा हलवायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी वहिनी पाण्याला गेल्या आणि हवालदारांनी घटाशेजारी पाणसळ ठेवली. वहिनी आल्या तेव्हा घट हवालदारांच्या हातात होता आणि खाली तांब्याचा एक वायसर सरकवणे चालू होते.

“देव मोरीकडं कललेत,” हवालदारांनी रिपोर्ट दिला. “दोन सूत.”

पुढे जे झाले ते मी माडीवरून ऐकले आणि खाली यायचे धाडस केले नाही. संध्याकाळी तह झाला. हवालदारांची फौजी वही होती, तिच्यात घरातले सगळे हुकूम लिहिले जात. वहिनींनी सांगितले आणि हवालदारांनी लिहिले: ही बाटली (वहिनी पाणसळीला बाटली म्हणत) स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. ओलांडली तर वहिनी पलूसला, माहेरी.

त्यानंतर संक्रांतीला दुसरा हुकूम लिहिला गेला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन भंगारवाल्याला द्यायचे. नवे वर्ष मोकळ्या खोलीत. हवालदारांनी सही केली. शेजारी निळा अंगठा आपोआप उमटला. भंगारवाल्याला निरोप वहिनींनी स्वतः दिला. हवालदार शब्दाला इतके पक्के, की आता मशीन जाणार याची कुणालाही शंका उरली नाही. त्या रात्रीपासून ते जेवताना यंत्राकडे पाठ करून बसू लागले.

पाडव्याला पंधरा दिवस असताना, एका सकाळी, वहिनींचा भाऊ पलूसहून आला. खांद्यावर एक मोडका लोखंडी शाफ्ट. मागे हमालाच्या डोक्यावर नवी कांब.

“दाजी, मेलो!” तो दारातूनच म्हणाला.

“बस. पानी पी. मग मर.”

पाणी पिऊन त्याने सांगितले. त्याच्या गुऱ्हाळावरचा चरक, म्हणजे ऊस पिळायचा घाणा, ऐन हंगामात बंद पडला होता. मधला शाफ्टच मोडला. “ऊस तोडून पडलाय. दोन दिसांत गाळला न्हाई तर निस्ता वाळून जातोय. सांगलीत समद्या वर्कशॉपांत फिरलो. सीझन हाय, म्हणत्यात, आठ दिस थांबा. आठ दिसांनी मी गूळ करू का सरपन इकू? वरसाचं पीक हाय, दाजी.”

हवालदारांनी शाफ्ट मापला. मग यंत्र मापले. मग पुन्हा शाफ्ट मापला, जणू मधल्या वेळात तो आखडला असेल.

“पाच फूट शाफ्ट. माझ्या मशीनच्या दोन टोकांत साडेतीन फूट. न्हाई बसत.”

तीन वर्षांत पहिल्यांदा यंत्राला कुणीतरी काम आणले होते, आणि यंत्र तोकडे पडले होते. ते स्टुलावर बसले. पाणसळ त्यांनी खिशातून काढली, बघितली आणि परत ठेवली. मेहुणा हातातल्या रिकाम्या तांब्यात बघत राहिला.

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. हाताला पीठ.

“शेपटी मागं न्या की,” त्या म्हणाल्या.

“मागं भिंत हाय.”

“भितीच्या मागं काय हाय?”

“तुझं सैपाकघर.”

“मग इचारताय काय?”

वहिनींनी आत जाऊन लोणच्याच्या बरण्या उचलायला सुरुवात केली तेव्हा आम्हाला कळले, हे खरे आहे. मेहुण्याने पहार घेतली. पांढऱ्या मातीची भिंत, तासाभरात हातभर भोक पडले. धूळ खाली बसल्यावर पलीकडून वहिनींचा चेहरा दिसला.

“एक ध्यानात ठिवा,” चेहरा म्हणाला. “शेपटी येऊ दे. बाटली यायची न्हाई.”

मागच्या अंगणातला धुण्याचा दगड चौघांनी आत नेला आणि मोरीजवळ बसवला. टेलस्टॉक यंत्रावरून काढून त्या दगडावर पट्ट्यांनी आवळला. माझ्या शिवणाच्या रिळाचा दोरा भोकातून ओढून हवालदारांनी डोके आणि शेपटी एका रेषेत आणली. एक डोळा मिटून तासभर. मग कांब चढवली. तिचे एक टोक माजघरात, दुसरे स्वयंपाकघरात, वहिनींच्या मिसळणाच्या डब्यापासून वीतभर. अर्धी लांबी आधी कातायची, मग कांब उलटी करून दुसरी अर्धी.

“शेपटीचं टोक तापतंय,” हवालदार भोकातून सांगू लागले. “तापलं की बोंबलतंय. बोंबललं की त्याल.”

“तुमचंच भावंड हाय म्हणा की,” वहिनी म्हणाल्या आणि गोडेतेलाची वाटी घेऊन पाटावर बसल्या.

माझा वरचा बल्ब त्या वेळी नक्की पिवळा पडला असणार, मी बघायला गेलो नाही. यंत्र फिरले. हत्यार टेकले. लोखंडाची पहिली चकचकीत, कुरळी साल निघाली आणि मेहुण्याच्या पायावर पडली. गरम होती. तो ओरडला, पण आनंदाने. तीन वर्षांनंतरची ती पहिली साल मी उचलून ठेवली. आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

एक फेर पुरा झाला. हवालदारांनी मशीन थांबवले, डोक्याजवळ माप घेतले, भिंतीजवळ माप घेतले. मग पुन्हा घेतले. आणि त्यांचा चेहरा उतरला.

“निमुळता,” ते म्हणाले. “आतल्या अंगाला बारीक झालाय.”

मेहुण्याने विचारले, “किती?”

“चरकात बसायचा न्हाई एवढा.” आणि मग हळूच, “एक सूत माल उरलाय. आनखी एकदा चुकलं की ह्या कांबीचं काय बी हुनार न्हाई.”

ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेले आणि तिथेच थांबले. हातात पाणसळ. बाहेर पाय, आत डोळे. भिक्षेकऱ्याने झोळी धरावी तशी त्यांनी ती धरली होती. पण तह म्हणजे तह. पाऊल त्यांनी टाकले नाही.

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितले, एकदा दगडाकडे.

“घटाच्या टायमाला काय बोलला हुता?”

“काय?”

“देव मोरीकडं कललेत. कोन बोललं हुतं?”

हवालदारांनी मोरीकडे बघितले.

“मोरीजवळची भुई मऊ हाय. भार पडला की बसतीया. दोऱ्यानं मापलं तवा कांब नव्हती वर. आता हाय.” त्यांनी वाटी काठोकाठ पाण्याने भरली आणि दगडावर ठेवली. पाणी सांडले. मोरीकडे. “माझी आमटी सतरा वरसं तिकडंच चाललीया.”

“आत येऊ का?” हवालदारांनी पाणसळ वर करून विचारले.

“नगं.”

त्या वाकल्या, आपल्या रॉकेलच्या स्टोव्हचा एक पाय उचलला आणि त्याखालची पत्र्याची घडी काढली. तेलाच्या जुन्या डब्याचा कापलेला पत्रा. स्टोव्ह लगेच मोरीकडे कलला. त्या क्षणी मला कळले, की या घरात पाणसळ एक नव्हती, दोन होत्या.

मेहुण्याने पहारीने टेलस्टॉकची मोरीकडची बाजू उचलली, वहिनींनी पत्रा सरकवला. पलीकडे हवालदार यंत्रापाशी परत गेले. त्यांना स्वयंपाकघरातले काही दिसत नव्हते. सगळे भोकातून ओरडून चालले होते.

“किती दिला?”

“पापडाएवढा!”

“पापड म्हंजी किती सूत?”

“उडदाचा!”

“भाजलेला का कच्चा?”

“कच्चा वो! भाजलेला कोन मापतंय?”

मी आणि मेहुणा त्या पहारीला लटकून हसत होतो आणि त्यामुळे पत्रा पुन्हा काढून बसवावा लागला. वाटी पुन्हा दगडावर आली. या वेळी पाणी काठावर थरथरले आणि थांबले.

दुसरा फेर. यंत्राचा आवाज बदलला की वहिनी न सांगता तेल सोडत. तीन तासांत त्यांना त्याची बोंब आणि त्याची कुरकूर यातला फरक कळू लागला होता. “आता खुशीत हाय,” त्या मधेच म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते कळले नाही.

उन्हे कलताना कांब उलटून दुसरी बाजूही झाली. हवालदारांनी माप घेतले. एका टोकाला. मधे. दुसऱ्या टोकाला. त्यांनी माप खाली ठेवले, हात पँटला पुसले आणि तीन वर्षांत जे कधी म्हटले नव्हते ते म्हणाले.

“सरळ हाय.”

मेहुण्याने शाफ्ट एसटीच्या टपावर टाकून नेला. कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट फाडले म्हणे, पाच फुटांचा असून. तिसऱ्या दिवशी पलूसहून गुळाची ढेप आली, गरम असल्यासारखी पिवळी. निरोप एकच होता: चरक फिरतोय. हवालदारांनी ढेपेवर पाणसळ ठेवली आणि म्हणाले, “फिट.” वहिनींनी कापून सगळ्या गल्लीत वाटली.

पण हुकुमाचे कुणी बोलले नाही. हवालदार विचारणार नव्हते, त्यांची सही होती. वहिनी काही म्हणत नव्हत्या. पाडवा आला. हवालदारांनी ओळंबा सोडून गुढी सरळ केली. दुपारी त्यांनी भोक बुजवायला माती भिजवून ठेवली आणि तेलाची डबी कपाटात बंद करून टाकली.

“तेल नाही घालायचं आता?” मी विचारले.

“जानाऱ्याची माया वाढवू नये, क्लार्कसाब.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला हातगाडी आणि दोन हमाल घेऊन आला. हवालदार चैत्राच्या उन्हात फौजेचा लोकरी कोट घालून माजघरात सावधान उभे राहिले. त्यांनी वहीतला हुकूम वाचून दाखवला. मधेच एकदा खाकरून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. आत वहिनी भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला नाही.

“आधी ह्यो मागचा ठोकळा काढू,” भंगारवाला म्हणाला. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत गेला आणि त्याने शेपटीवर हात ठेवला.

हात तेलाने माखून वर आला.

त्याने भोकातून हवालदारांकडे बघितले. हवालदारांनी माझ्याकडे बघितले. डबी तर कपाटात होती.

भाकरी थापायचा आवाज थांबला.

“हात काढ आदी तुझा!” वहिनी कडाडल्या. “आत्ता सकाळी त्याल घातलंय मी त्याला!”